अंगावर वागवायचं पाणी : कोकणच्या दमट हवेत कोणतं साधन कामाचं?

मार्च उजाडला की हवामान खात्याच्या पत्रकात कोकणापुढे एक ठरलेला शेरा येतो : ‘उष्ण व दमट’. २०२३ आणि २०२५ साली तर फेब्रुवारीतच उष्णतेच्या लाटेचा इशारा आला. नेमके त्याच दिवसांत लोक घराबाहेर पडतात. कुणी रायगड चढतं, कुणी सागरी महामार्गाने सायकल हाणत वेंगुर्ल्याकडे निघतं, कुणी राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, कातळशिल्पं बघत फिरतं. यातल्या बऱ्याच जणांच्या पाठीवर हल्ली नळी लोंबणारी पिशवी दिसते. छातीवर दोन मऊ बाटल्या खोचलेली बंडी दिसते, कमरेला पट्टा दिसतो. ऑनलाइन दुकानांत तर ‘थंड करणारी जाकिटं’ आणि मनगटावर बांधायच्या बाटल्याही मिळतात.

हे सगळं खरंच लागतं का, आणि लागत असेल तर यातलं काय घ्यावं, असं पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर असं आहे की पाणी अंगावर बांधून नेणं कोकणात फार उपयोगाचं आहे, पण जाहिरातीत सांगतात त्या कारणासाठी नाही. ही साधनं बहुतेक कोरड्या मुलखासाठी आखलेली आहेत. आपल्याकडे ती निवडताना लिटर नंतर मोजावेत, आधी हवेतला ओलावा बघावा.

डोक्यावरचा हंडा ते पाठीवरची पिशवी

पाणी अंगावर वागवणं आपल्याला नवीन नाही. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि हात मोकळे ठेवून पाऊलवाट उतरणारी बाई हे कोकणातल्या वाडीवाडीवरचं दृश्य आहे. शास्त्रज्ञांनी हा प्रकार मोजूनही पाहिला आहे. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा एक अभ्यास १९८६ साली ‘नेचर’मध्ये आला. स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्के ओझं त्या डोक्यावरून जवळजवळ जादा शक्ती न खर्चता नेत होत्या. नंतरच्या अभ्यासात त्याचं कारण चालण्याच्या ढबीत सापडलं : एका पावलाची ऊर्जा पुढच्या पावलाला देण्यात या बायका आपल्यापेक्षा तरबेज असतात. मात्र ही कमाई लहानपणापासूनच्या सवयीची आहे. माझ्यासारख्याने उद्या डोक्यावर हंडा घेतला तर मान तेवढी धरेल.

चामड्याची पखाल पाठीवर घेऊन पाणी पुरवणारे भिस्ती आपल्या सैन्यांबरोबर आणि शहरांत शतकानुशतकं होते. आजच्या नळीवाल्या पिशवीची कथा त्या मानाने कालपरवाची आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टेक्सासमध्ये, ऐन उन्हाळ्यात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन उतरला होता. तो रुग्णवाहिकेवर काम करणारा माणूस. त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, मोजा सदऱ्याच्या पाठीला शिवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपड्यांच्या चिमट्याने अडकवली. त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ ही कंपनी उभी राहिली.

टेक्सासच्या उत्तरेकडची ती हवा तापलेली, पण आपल्या किनाऱ्याच्या मानाने कोरडी. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

पिशवी, नळी आणि दातांत धरायची चीर

रचना साधी आहे. दीड ते तीन लिटरची लवचीक प्लास्टिकची पिशवी असते, तिला ट्रेकवाले ‘ब्लॅडर’ म्हणतात. तिच्या तळातून नळी निघते. नळीच्या टोकाला रबरासारखं मऊ बोंडूक असतं आणि त्याला मधोमध चीर. दातांनी हलकं दाबलं की चीर उघडते, ओढलं की पाणी येतं, सोडलं की चीर आपोआप मिटते. पाणी ओढलं जाईल तशी पिशवी चेपत जाते, हवा आत शिरत नाही. म्हणून अर्ध्या भरलेल्या बाटलीसारखं डुचमळणं तिच्यात फारसं नसतं. अर्थात भरताना आत राहिलेली हवा काढून टाकली असेल तरच. त्यासाठी पिशवी भरून बंद करायची, उलटी धरायची आणि नळीतून हवा ओढून घ्यायची. हे न करणारे दिवसभर पाठीवर ‘डुबुक डुबुक’ ऐकत चालतात आणि पिशवीला शिव्या घालतात.

खरा फायदा लिटरांत नाही, घोटांत आहे. बाटली पिशवीच्या तळाशी असली की माणूस थांबायचा कंटाळा करतो. ‘पुढच्या वळणावर पिऊ’ म्हणत तास काढतो आणि मग एकदम अर्धा लिटर घशाखाली ओततो. नळी तोंडाजवळ असली की दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट सहज जातात. शिवाय दोन्ही हात मोकळे राहतात. कातळावरून उतरताना, दोराला धरून चढताना आणि सायकलचं हँडल सांभाळताना ते मोलाचं असतं.

नळीची एक खोड मात्र आहे. मीटरभर लांबीच्या नळीत तीसेक मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे जेमतेम एक घोट. एप्रिलच्या उन्हात तो घोट चहासारखा तापतो. उपाय असा की पिऊन झाल्यावर नळीत हळूच फुंकायचं. पाणी परत पिशवीत जातं आणि पुढचा घोट गार मिळतो.

घाम गळतो, पण सुकत नाही

आता मूळ मुद्दा. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, घाम *सुकला* की गार होतं. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. गड चढताना शरीर तासाला ढोबळमानाने ४०० ते ५०० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. म्हणजे लिटरभर घाम पूर्ण सुकला तर हिशेब जमतो. पण तोच घाम कपाळावरून टपकून कातळावर पडला, तर शरीराने पाणी घालवलं आणि गारवा मात्र मिळाला नाही.

माठ आठवा. विदर्भातला माठ मे महिन्यात दात शिवशिवावेत इतकं गार पाणी देतो. रत्नागिरीतला माठ जेमतेम कोमटच पाणी देतो. माठ तोच, कुंभार तोच असला तरी. कारण माठाच्या अंगावरचं पाणी हवेत उडून जायला हवेत जागा हवी, आणि आपली हवा आधीच भरलेली असते. माणसाची कातडी अगदी याच नियमाने चालते.

याला एक माप आहे, ‘वेट-बल्ब’ तापमान. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की पारा जिथवर उतरतो, ते हे माप. कुठलीही ओली वस्तू त्या हवेत सुकून-सुकून जास्तीत जास्त किती गार होईल ते यावरून कळतं. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, म्हणजे नागपूरकडची दुपार, तर हा आकडा २२ अंशांच्या आसपास येतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे आपली रोजची दुपार, तर तो सत्तावीसच्या वर राहतो. तापमापक दहा अंश खाली आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण सुकून गार होण्याच्या बाबतीत आपण पाच अंशांनी मागे असतो. अमेरिकी हवामान खात्याच्या कोष्टकानुसार ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला, तेही सावलीत, शरीराला जाणवणारी उष्णता ४१ अंशांच्या घरात जाते. किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा आहे, तोही याच अनुभवाला धरून. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश व्हावं लागतं, तर किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ पुरते.

२०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या जमावातली दहाहून अधिक माणसं उष्माघाताने गेली. ती कुठला गड चढत नव्हती, नुसती बसली होती.

एक पोटभेद सांगायला हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडून, घाटावरून कोरडे वारे जोर धरतात आणि दुपारचा खारा वारा उशिरा येतो. त्या दिवशी पारा ३८ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. घाम लगोलग सुकतो, सदरा कोरडा राहतो आणि आपल्याला घाम येतच नाहीये असं वाटतं. पाणी मात्र तेवढंच जात असतं. दमट दिवशी घाम दिसतो आणि कामाला येत नाही, कोरड्या दिवशी कामाला येतो आणि दिसत नाही. दोन्ही दिवशी पाणी लागतंच.

मग थंड करणारी जाकिटं?

बाजारात यांचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दुकानदार ते सरसकट एकाच नावाने विकतात.

पहिला प्रकार पाण्यात बुचकळून घालायच्या जाकिटांचा. कापड पाणी धरून ठेवतं, पाणी सुकतं, गार वाटतं. हा अंगावर घातलेला माठच झाला. राजस्थानात उत्तम चालेल. देवगडला जून तोंडावर आलेला असताना हे जाकीट म्हणजे किलोभर ओलं ओझं, खाली घामोळं आणि वर वास. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर याला पैसे घालू नयेत. गळ्यात ओला पंचा टाकला तर तेवढंच मिळतं, आणि तो पिळून पुन्हा ओला करता येतो.

दुसऱ्या प्रकारात बर्फाची किंवा मेणासारख्या पदार्थाची पाकिटं असतात. ती वितळताना उष्णता शोषतात. याला हवेच्या ओलाव्याशी देणंघेणं नाही, त्यामुळे दमट हवेतही ती चालतात. अडचण एवढीच की वितळून संपली की नुसतं वजन उरतं, आणि गडावर फ्रीझर नसतो.

पाणी अंगभर खेळवून गार करणारा कपडाही आहे, पण तो अंतराळवीरांचा. त्यांच्या पोशाखाच्या आतल्या थरात सुमारे ९० मीटर बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यांतून थंड पाणी फिरतं. छातीशी जवळपास लिटरभर पिण्याच्या पाण्याची नळीवाली पिशवी वेगळी. २०१३ साली लुका पार्मितानो या इटालियन अंतराळवीराच्या शिरस्त्राणात यानाबाहेर काम करताना पाणी भरू लागलं आणि जीवावर बेतलं. आठवडाभर आधीच्या फेरीनंतरही पाणी दिसलं होतं, तेव्हा पिण्याची पिशवी गळली असेल म्हणून सोडून दिलं गेलं. प्रत्यक्षात दोष थंड करणाऱ्या यंत्रणेत होता. पिशवीवर आळ घेणं पृथ्वीवरही सोपं असतं. ओला सदरा बघून ‘ब्लॅडर फुटला’ म्हणणाऱ्यांचा बहुधा घामच असतो.

आपल्यासाठी याहून स्वस्त युक्ती बर्फाची. ब्लॅडर आदल्या रात्री अर्धा भरून, आडवा ठेवून फ्रीझरमध्ये गोठवायचा आणि सकाळी वर पाणी घालायचं. एक किलो बर्फ वितळून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ११७ किलोकॅलरी उष्णता घेतो, तर फ्रिजमधलं पाच अंशांचं लिटरभर पाणी जेमतेम ३२. ते पाणी पाठीवर तापलं काय आणि पोटात तापलं काय, गणित तेच, फक्त थोडी उष्णता बाहेरच्या हवेकडूनही येते. चढणीच्या एका तासाच्या हिशेबात ही बचत पंधरा मिनिटांची आहे. डोंगराएवढी नाही, पण दमट हवेत फुकट मिळणारी हीच एक. फक्त जेटीवरचा बर्फ घालू नका, तो मासळीसाठी असतो.

पाठ, छाती, कंबर, मनगट : कुठे बांधायचं?

पाठ ही शरीरात सर्वांत जास्त घाम येणाऱ्या जागांपैकी एक आहे, आणि पाठीवरची पिशवी नेमकी तीच झाकते. कोरड्या हवेत उरलेलं अंग ती तूट भरून काढतं. आपल्याकडे उरलेल्या अंगालाही सुकणं जड जात असतं, म्हणून झाकलेली प्रत्येक वीत महाग पडते. त्यामुळे किनाऱ्यावर अर्ध्या दिवसाच्या चालीसाठी मला छातीवरची बंडी जास्त पटते. तिच्या पुढच्या बाजूला खांद्याच्या पट्ट्यांवर दोन उभे कप्पे असतात आणि प्रत्येकात अर्ध्या लिटरची मऊ बाटली बसते. पाणी संपेल तशी बाटली चेपून लहान होते. पाठीवर नुसती जाळी राहते आणि तिथून वारा जातो. किती प्यायलो ते डोळ्यांना दिसतं, ब्लॅडरमध्ये ते कळत नाही. ब्लॅडरवाल्यांना पाणी संपल्याचं नळीत हवा आल्यावरच समजतं, आणि तेव्हा उतरणीचे दोन तास बाकी असतात.

दीड लिटरच्या पुढे मात्र पाठीला पर्याय नाही. तेव्हा पाठ आणि पिशवी यांच्यात ताणलेली जाळी असलेली, पाठीपासून दोन बोटं सुटी राहणारी पिशवी घ्यावी. वजन वर, खांद्याच्या फळीजवळ आणि अंगाला चिकटून बसलं पाहिजे. खाली लोंबणारं पाणी प्रत्येक पावलाला मागे ओढतं.

कमरेचा पट्टा तासाभराच्या पळण्याला ठीक आहे. अर्धा लिटरच्या वर नेला तर तो उड्या मारतो, आणि उड्या थांबवायला घट्ट केला तर पोट आवळतो. मनगटावरची बाटली दुकानात छान दिसते. पण वजन हातापायांच्या टोकाला जितकं जवळ, तितकं ते हलवायला शक्ती जास्त लागते. पावलांवर बांधलेला किलो पाठीवरच्या किलोपेक्षा कित्येक पट महाग पडतो हे सैनिकांवरच्या अभ्यासांत फार पूर्वीच दिसलं आहे. हाताचं तेवढं वाईट नाही, तरी दिवसभर पाव किलो झुलवायचं कशाला? सायकलवाल्यांनी शक्यतो पाणी सायकलच्या सांगाड्यावर ठेवावं, पाठ उघडी राहते. ब्लॅडर फक्त त्या टप्प्यांसाठी, जिथे बाटलीला हात घालणं धोक्याचं आहे. मोटारसायकलवाल्यांना हेल्मेटमुळे नळी सोयीची पडते.

‘पाणी तर वाटेत मिळतंच की!’

हा आक्षेप घेणारा माणूस बहुधा पावसाळ्यात कोकण पाहून गेलेला असतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतो. दोन्ही खरं आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यात मुरलेलं पाणी उतारावरून झऱ्यांवाटे निसटून समुद्राला मिळतं. त्यामुळे सड्यावर मैलभर चाललात तरी ना झाड ना पाणी. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि बघायला येणारे वाढले. पण चित्रं आहेत उघड्या सड्यावर, आणि काळपट कातळ खालूनही भाजतो.

गडांवर खोदीव टाकी आहेत, ती फार मोलाची आहेत. पण कुठल्या टाक्यात मेमध्ये पाणी उरतं आणि त्यातलं कुठलं पिण्याजोगं असतं हे त्या गावच्या माणसालाच ठाऊक. त्याला विचारल्याशिवाय टाक्याच्या भरवशावर निघू नये. खेडजवळच्या रसाळगड-सुमारगड-महिपतगड या लांबच्या वाटेला तर हे दोनदा विचारावं. किनाऱ्याने सायकल नेणाऱ्यांना दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींच्या धक्क्यांवर टपऱ्या मिळतात, तिथे पिशवी भरून घेता येते. दर ठिकाणी नवी बाटली विकत घेऊन रिकामी पुळणीवर टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

किती न्यायचं, आणि नुसतं पाणीच का नाही?

‘दिवसाला अमुक लिटर’ हे सूत्र इथे कामाचं नाही. माणसामाणसाला येणाऱ्या घामात फार फरक असतो, तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत. स्वतःचा आकडा काढायला वजनकाटा पुरतो. समजा निघताना वजन ६८ किलो होतं. तासभर नेहमीच्या वेगाने चाललात, मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात. घाम पुसून पुन्हा उभे राहिलात तर ६७.४. म्हणजे घाम गेला ९०० मिलिलिटर. चार तासांच्या चालीत साडेतीन लिटरच्या वर जाईल. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना सोसते, इथे ती सव्वा-दीड लिटर होते. उरलेलं सव्वादोन लिटर पाणी बरोबर हवं, त्याशिवाय अर्धा लिटर राखीव. गोळाबेरीज पावणेतीन, धरा तीन लिटर, अर्थात तीन किलो. वाटेत भरायची खात्रीची जागा असेल तर त्यातला किलो-दीड किलो घरी ठेवा.

‘मग भरपूरच प्यावं ना, जास्त झालं तर काय बिघडलं?’ बिघडतं. घामाबरोबर मीठही जातं, लिटरमागे सरासरी ग्रॅमभर सोडियम. ते भरून न काढता नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळतो, क्वचित दगावतोही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम निरोगी पातळीच्या खाली सापडलं. आणि त्यात पळताना वजन *वाढलेले* लोक जास्त होते. नळी तोंडाजवळ असण्याचा हा एक तोटाच म्हणा, चाळा म्हणून ओढत राहतात. तहानेचं ऐका आणि घोट लहान ठेवा. निघाल्या वजनापेक्षा परतीचं वजन जास्त भरलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

मिठासाठी परदेशी गोळ्या लागत नाहीत. मीठ घातलेलं कोकम सरबत, मिठाची पेज, शेंगदाणे, लिंबाचं लोणचं यांनी भागतं. खूप घाम, जुलाब किंवा उलट्या असतील तेव्हा ओआरएसची पुडी, तीही पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मिठाचं आणि पाण्याचं माप आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. बरोबरचा कुणी असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला तर त्याला पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

खाडीत, कयाकवर

तारकर्लीला, कर्लीच्या खाडीत कयाक वल्हवणाऱ्यांना चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. इथे एकच नियम पाळावा : लाइफ जॅकेटच्या वर पट्ट्यांची पिशवी घालायची नाही. कयाक उलटली तर पट्टे अडकतात आणि जॅकेट नीट तरंगवत नाही. जॅकेटच्याच पाठीला ब्लॅडरचा कप्पा असलेली जॅकेटं मिळतात, नाहीतर बाटली कयाकला दोरीने बांधावी. भरलेला ब्लॅडर बुडवेल ही भीती मात्र खोटी आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे पाण्यात त्या दोन लिटरचं वजन लागत नाही. लागतं ते परत कयाकवर चढताना.

बुरशी

ब्लॅडर सोडून देणाऱ्यांचं खरं कारण हेच असतं, सांगतात दुसरं काहीतरी. आपल्या हवेत ओली पिशवी आठवडाभर कपाटात राहिली की नळीत काळे ठिपके येतात. म्हणून ब्लॅडरमध्ये फक्त पाणी, सरबत वेगळ्या बाटलीत. आल्यावर खाण्याच्या सोड्याने धुवायचा, बोंडूक काढून वेगळं घासायचं, नळीतून लांब दांड्याचा ब्रश फिरवायचा. वाळवताना तोंड उघडं राहावं म्हणून आत कालथा किंवा डाव आडवा खोचून उलटा टांगायचा. जुलैत काहीही केलं तरी तो वाळत नाही, तेव्हा झटकून सरळ फ्रीझरमध्ये टाकावा.

‘हे शहरातल्या हौशी लोकांचं खूळ आहे’

दुकानात जे विकतात ते बघितलं तर आक्षेप रास्त आहे. पण गरज कुणाची आहे ते बघा. एप्रिल-मेमध्ये झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन हापूसच्या फांद्यांवर चढलेला गडी, चिरेखाणीत दिवसभर कातळ कापणारा मजूर, पुळणीवर रापणीचं लांब जाळं ओढणारी माणसं. यांचे हात गुंतलेले, बाटली झाडाखाली किंवा सावलीत ठेवलेली. पाण्यासाठी उतरायचं म्हणजे काम थांबवायचं, म्हणून उतरायचं नाही. दुपारी जेवायला बसल्यावर तांब्याभर एकदम.

एल साल्वादोरमध्ये ऊसतोडणी कामगारांना मूत्रपिंडाचा विकार मोठ्या प्रमाणावर जडत होता. तिथे २०१४-१५च्या हंगामात एक प्रयोग झाला : पाठीवर पाण्याची पिशवी, हलवता येणारा सावलीचा तंबू आणि ठरावीक वेळेला सक्तीची विश्रांती. कामगारांच्याच सांगण्यानुसार पाणी पिणं २५ टक्क्यांनी वाढलं, उष्म्याच्या तक्रारी कमी झाल्या आणि मालकांना धास्ती होती तशी तोड घटली नाही, उलट वाढली. यात पिशवीचा वाटा किती आणि सावलीचा किती हे वेगळं काढता येत नाही. पिशवी देऊन विश्रांती कापणारा मालक मात्र या प्रयोगाचं नाव सांगू शकणार नाही.

बागायतदाराला यासाठी परदेशी बंडी मागवायचं कारण नाही. गावातल्या शिंप्याकडून जुन्या सुती सदऱ्याच्या छातीवर दोन उभे खिसे शिवून घ्यावेत. अर्ध्या लिटरची बाटली मानेपर्यंत आत जाईल इतके खोल, वर झाकणाची पट्टी आणि बटण, म्हणजे वाकल्यावर बाटली खालच्या माणसाच्या डोक्यात पडणार नाही. खिशाला आतून जाड कापड लावलं तर सदरा ओढला जात नाही. पाठ मोकळी ठेवायची, बाह्या पूर्ण. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं कोकम, आणि झाडाखाली भरलेला हंडा.